भिंत धरून बसलेले प्रथिन

मी एक जुने प्रथिन आहे. मित्रांनो, जेवणातले नव्हे. एका बाईच्या बीजांडात, म्हणजे पूर्णविरामाएवढ्या पेशीत, मी चौतीस वर्षे कामाला आहे. एका हाताने पेशीचे पातळ आवरण धरायचे, दुसऱ्याने आतल्या धाग्यांचे जाळे, आणि सोडायचे नाही. का, ते कोणी सांगितले नाही. शेजारच्या लाखो भाऊबंदांनाही ठाऊक नाही. दोन्ही हात अडकल्यामुळे डोके खाजवण्याचीही सोय नाही.

एके दिवशी आम्हाला नळीतून ओढून काचेच्या बशीत ठेवले. ती मूल होण्याच्या उपचारांची प्रयोगशाळा; खोली उबदार होती. अत्तर लावून यायचे नाही, असा तिथला नियम. सुईवाल्या बाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. चष्मेवाल्या सहकाऱ्यांनी बशीवरचे नाव दोनदा मोठ्याने वाचले.

"बाकीची बीजांडं कुठायत?" बाईंनी विचारले.

"एकच मिळालं, मॅडम. तिसरी खेप आहे या ताईंची. यापुढे नाही म्हणाल्यात."

"मग श्वास आवरा. टेबल हलतंय."

"मी श्वास घेतच नाहीये."

"मग बोलताय कसे?"

सुई आली. तिच्यात एक शेपटीवाले गृहस्थ निपचित पडले होते. ते मोडतोड करायला आले की राहायला, मला कळेना. येत होते तेवढेच केले, घट्ट धरले. आवरण आत आत ताणत गेले.

"फाटत का नाहीये?"

"लगेच फाटतं ते बहुतेक जगत नाही. हे चिवट आहे. छान!"

आयुष्यातले पहिले कौतुक, आणि तेही भोसकून घेताना! मग भोक पडले. गृहस्थांना आत सोडून सुई निघाली. आता भोक मिटवायचे की पाहुण्यांना बसा म्हणायचे? कित्येक भाऊबंद सुटून वाहून गेले. उरलेल्यांनी ओढून धरले आणि आवरण मिटले. कसे, ते मला विचारू नका.

सकाळी चष्मेवाल्यांनी आम्हाला तपासले आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, टिकलंय! आत दोन ठिपके दिसतायत."

"जुळं?"

"नाही हो. एक तुमचा, एक तुमच्या मिस्टरांचा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"भांडत नाहीयेत ना?"

"अजून तरी नाही. जवळ सरकतायत."

मित्रांनो, ऐकतो की आता या पेशीच्या दोन होणार. मी कुठल्या भागात जाणार, कोण जाणे. तूर्त धरून बसलो आहे. तुम्ही फक्त बशी हळू उचला. आत दोघे जण एकमेकांकडे निघाले आहेत.