दिव्यासमोर धरलेला गॉगल

मी एक जुना काळा गॉगल आहे. लॉन्ड्रीच्या गच्चीवर दाराआड एक खिळा आहे, तिथे मी टांगलेला असतो. सकाळी दार उघडलं की मालकिणीचा हात आधी माझ्यावर पडायचा. एके दिवशी दार उघडलं आणि ओल्या चादरींची बादली घेऊन तिची धाकटी मुलगी वर आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मालकीण गेली, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, मला मालकाने आणलं. तो खाली इस्त्री करतो, ती वर चादरी वाळत घालायची. वरून ऊन, समोर पांढऱ्या चादरींवरून उलटून येणारं ऊन. तिचे डोळे सारखे चुरचुरायचे. दुकानात मालकाने एकेक गॉगल पेटलेल्या दिव्यासमोर धरून पाहिला. माझ्यातून दिवा जेमतेम दिसला, म्हणून त्याने मला निवडलं. जितका काळा तितका चांगला, असं त्याला वाटलं.

मला घालून ती जिना चढू लागली की खालची माणसं म्हणायची, हिरॉईन शूटिंगला निघाली. ती म्हणायची, हिरो तिकडे इस्त्रीपाशी घामाघूम झालाय, त्याला आधी पाणी द्या. संध्याकाळी मला पुसून ठेवायची. तेव्हा माझा थाट होता.

पुढे तिला चादरींवरचे डाग दिसेनात. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. वय आहेच, पण इतक्या वर्षांच्या उन्हानेही भर घातली, म्हणाले. मग दोघं मला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. तिथल्या बाईने मला एका लहान यंत्रावर ठेवून तपासलं.

"काका, हा नुसता काळा आहे," ती म्हणाली. "काळ्या काचेमागच्या काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते, मग न दिसणारे अतिनील किरण जास्तच आत शिरतात. रंग बघू नका, किरण अडवतो का ते बघा."

मालकाने मान खाली घातली. मालकीणच म्हणाली, "अहो, तोंड कशाला पाडता? ऑपरेशन झालं की नवा घेऊ. हा मात्र टाकायचा नाही हं."

त्यानंतर ती मोठ्या काठाची टोपी घालायची. मला घालत नसे, पण जाता-येता हात लावायची. ऑपरेशनच्या आधीच तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

आता धाकटी वर असते. आईची टोपी तिला सैल होते, वाऱ्याने उडते. डोळे बारीक करून ती चिमटे लावते. परवा तिने मला खिळ्यावरून काढलं, तेवढ्यात मालक वर आला. त्याने मला तिच्या हातातून घेतलं.

"हा नको. तुझ्या आईचा म्हणून ठेवलाय, डोळ्यांसाठी नाही."

"मग कोणता घालू?" तिने विचारलं. त्याने मला परत खिळ्यावर टांगलं.

मित्रांनो, उन्हाने डोळ्यांचं होणारं नुकसान बहुतेकदा दुखत नाही, म्हणून ते उशिरा कळतं. टोपी घाला. गॉगल घ्याल तो तपासून घ्या, दिव्यासमोर धरून नव्हे.

मालक चष्म्याच्या दुकानापर्यंत जातो आणि दारातून परत येतो. मालकिणीचा नवा गॉगल घ्यायला ती दोघं तिथे जोडीने जाणार होती. धाकटीचा गॉगल अजून आणायचा राहिला आहे.