लताबाईंची दाढ आणि दोन किल्ल्या

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले बहुतेक जण नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. तीस-तीस वर्षं रोज गेटवर झडती दिलेली माणसं. त्यांच्या मंडळाची वेबसाइट निघाली. तिच्यात काय, तर बेचाळीस सभासदांचे फोन, रक्तगट आणि कुणाला कोणतं औषध चालत नाही ते.

साइट बनवली मंडळाचे अध्यक्ष वाल्मीकराव यांच्या सुनेनं, वेदिकानं. ती म्हणाली, "बाबा, प्रत्येकाला आपापला पासवर्ड, मोबाइलवर येणारा कोड आणि माहितीची एक जास्तीची कॉपी. बास."

"बास?" वाल्मीकराव हसले. "आमच्याकडे कोऱ्या कागदाच्या खोलीलासुद्धा दोन कुलपं होती. दोन किल्ल्या, दोन माणसं!"

ठराव झाला. सगळ्या साइटला एकच पासवर्ड. अर्धा वाल्मीकरावांकडे, अर्धा सेक्रेटरी जयरामरावांकडे. एकजण टाइप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. पहिल्या दिवशी दोघंही भिंतीकडे वळले आणि पाच मिनिटं तसेच उभे राहिले. वेदिकाला आत जायची परवानगीच नव्हती. ती सभासद नव्हती ना.

मंगळवारी द्वारका चौकातल्या दातांच्या दवाखान्यातून मंडळाच्या सभासद लताबाईंचा फोन आला.

"वेदिका, दाढ काढायचीय. डॉक्टर विचारतायत, कोणतं औषध चालत नाही. मला मेलं नाव आठवत नाही. मागं श्वास अडकला होता गं माझा! साइटवर बघ पटकन."

वेदिकानं सासऱ्यांना उठवलं. त्यांनी तिला भिंतीकडे वळवून आपला अर्धा टाइप केला. जयरामराव पूजेला त्र्यंबकेश्वरला, फोन बंद. त्यांचा अर्धा घरी, सीलबंद लिफाफ्यात. दोघं तिकडे पळाले. जयरामरावांच्या बायको धोंडाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"लिफाफा फोडा, काकू!"

"थांब," वाल्मीकराव म्हणाले. "आधी पंचनामा. दोन साक्षीदार लागतील."

"बाबा, लताकाकू तिकडे तोंड उघडून बसल्यात!"

"बसू दे. नियम म्हणजे नियम."

"पन फोडायचं कशाला?" धोंडाबाईंनी विचारलं. वेदिकानं सांगितलं.

"लताला? पेनिसिलीन. मीच नव्हतं का नेलं रिक्षातून? अख्ख्या कॉलनीला ठाऊक हाय."

वेदिकानं लगेच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, तेच लिहीत होतो."

वाल्मीकरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे माहिती फुटली. कधीपासून?"

"ती सुजली तवापासून!"

शनिवारी मीटिंगला लताबाई गालाला रुमाल लावून आल्या. "माझ्या जिवाची गोष्ट, आणि मलाच बघता येत नाही? माझा पासवर्ड मला द्या, नाहीतर माझं नाव काढा."

वेदिकाचं म्हणणं मंजूर झालं. एकच हात विरोधात, तो कुणाचा हे सांगायला नको.

लताबाईंनी तिथंच पासवर्ड ठरवला, मोबाइलवरचा कोड घातला आणि आपलं पान उघडलं. रक्तगट बरोबर होता. खाली, 'न चालणारे औषध' या रकान्यात वाल्मीकरावांनी भरलं होतं: 'गोपनीय'.

लताबाईंनी ते पुसलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, 'पेनिसिलीन' लिहिलं.