सगुणाबाईंचा मोठा डोळा

मित्रांनो, मी बोटाएवढी निळी बाटली आहे, आणि आता फार जुनी झाले आहे. १९३४ साली मी भोरच्या एका दवाखान्यात होते. माझ्या पोटात धोतऱ्यातल्या विषाचे पाणी होते, तरी डॉक्टर मला फार जपत.

वेल्ह्याकडच्या सगुणाबाईंचा उजवा डोळा आतून सुजला होता. बाहुलीच्या कडा डोळ्यातल्या भिंगाला चिकटल्या, तर दृष्टी जाणार होती. डॉक्टरांनी मला त्यांच्या हाती दिले. "रोज एकच थेंब, डोळ्यात. पोटात गेला तर जिवाला धोका!"

आता माझे काम ऐका. मज्जातंतू बाहुलीला 'लहान हो' असा निरोप धाडतात. माझे विष बाहुलीच्या दारातच ठाण मांडते आणि निरोप आत जाऊ देत नाही. बाहुली मोठीच राहते, चिकटत नाही. पण हेच विष पोटात गेले, तर हृदयाचेही निरोप बिघडतात.

डोळा निवळू लागला. मात्र एक बाहुली मोहरीएवढी, दुसरी मिऱ्याएवढी! शेजारच्या चंद्राबाईंनी ते पाहून हातच जोडले. "अगं बया! म्हातारीच्या डोळ्यात मेंगाईदेवी आली!"

दुसऱ्या दिवशी अंगणात नारळच नारळ. कोणाची कोंबडी हरवलेली, कोणाचा जावई रुसलेला. आजवर सगुणाबाईंचे सुनाही ऐकत नसत. आता सारा गाव कान देऊन बसला. मलाही हळदकुंकू लागले. खरे सांगते, मी जरा फुगलेच.

चौथ्या दिवशी गेनबा आला. त्याची म्हैस रानातून परतली नव्हती.

"आक्का, ह्या बाटलीतलं तीर्थ घेतो," म्हणत त्याने बूच काढून मला तळहातावर उपडे केलेसुद्धा.

सगुणाबाई घुटमळल्या. खरे सांगितले, तर देवपण जाणार. गेनबाचा हात ओठांशी गेला.

"टाक त्ये, मुडद्या! इख हाय! देवी न्हाई आन् काय न्हाई, डोळ्याची दवा हाय ती!"

गेनबाने हात झटकला. "आन् माजी म्हस?"

"मला काय ठावं? तुला बी दोन डोळं हायती. जा, हुडक!"

त्याआधी मात्र त्यांनी त्याचा हात तीनदा धुवायला लावला. चंद्राबाई आपला नारळ उचलून पुटपुटत गेल्या. तळाशी उरलेल्या थेंबांनी डोळा वाचला. सुना पुन्हा पूर्वीसारख्याच ऐकेनाशा झाल्या.

मित्रांनो, धोतऱ्याला कधी तोंड लावू नका. औषध दिसले, तर आधी विचारा: कोणाचे, कशासाठी, किती? माझे बूच घट्ट लावा आणि मला उंच फळीवर ठेवा. तिथे धूळ खात बसायला माझी मुळीच हरकत नाही.