बाराचा बॉलस्क्रू

डॉक्टरांनी बाबांच्या विसरभोळेपणाला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं, तरी भार्गवीने ते मनावर घेतलं नाही. बाबा दुधाला गेले आणि शेजारच्या सेक्टरात तासभर फिरत राहिले, हे खरं. पण चंदीगडात वाट चुकायला म्हातारपण कशाला हवं, इथले सगळे चौक एकाच साच्यातले! बाबांनी, म्हणजे पुरुषोत्तमरावांनी, सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत तीस वर्षं शास्त्रज्ञांना उपकरणं बनवून दिली होती. यंत्राच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणूनच तिने घरी सीएनसी राउटर बनवायला घेतला. लाकडावर आपोआप नक्षी कोरणारं यंत्र. मोहालीच्या ऑफिसात कोड लिहिणाऱ्या पोरीला नक्षीची कसली आलीये हौस? बाबांचं डोकं अजून शाबूत आहे, हे तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं आणि त्याहून जास्त स्वतःला.

सांगाडा बाबांनी झकास बसवून घेतला. मग बॉलस्क्रू ठरवायची वेळ आली. हा आटे पाडलेला लांब दांडा फिरला की त्यावरचा नट कोरणारं डोकं पुढेमागे नेतो. दांडा किती जाड आणि एका फेऱ्यात नट किती सरकणार, म्हणजे पिच किती, एवढंच ठरवायचं. यंत्र दीड मीटर लांब. भार्गवीच्या हिशोबाने वीस मिलिमीटर जाडी आणि दहाचा पिच हवा होता.

"बारा जाडी, चारचा पिच," बाबा तत्काळ म्हणाले. "एवढंसं तर टेबल आहे."

त्यांनी हातांनी दाखवलं ते टेबल जेमतेम वीतभर होतं. भार्गवीच्या मनात पाल चुकचुकली. पण बाबा चुकले म्हणायचं तर डॉक्टर बरोबर ठरत होते. तिने आपला हिशोब फाडला आणि लुधियान्याहून बाराचा स्क्रू मागवला. कळत असून डोळ्यांवर कातडं ओढलं, दुसरं काय!

रविवारी व्हरांड्यातल्या उन्हात दोघांनी स्क्रू बसवला. बाबा खुर्चीत बसले आणि तिने मोटर सुरू केली. हळू होता तोवर ठीक चाललं. मिनिटाला चार मीटरचा वेग दिला, तसा दांडा मधोमध फुगला, दोरीउड्यांच्या दोरीसारखा गरगरायला लागला आणि सगळा सांगाडा थरथरला. बाबांनी उठून स्वतः बटण बंद केलं.

"हा स्क्रू कुणी निवडला?"

भार्गवीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे लाज नव्हती, लपवाछपवी नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

मग बाबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. चारचा पिच, म्हणजे चार मीटरला हजार फेरे. दहाच्या पिचने चारशेत भागलं असतं. शिवाय लांबी दुप्पट झाली की स्क्रूला सोसणारा वेग चौथाईवर येतो, तिथे हा काडीसारखा दांडा कसा टिकणार? बारा-चारचा स्क्रू त्यांनी संस्थेतल्या एका यंत्राला बसवला होता, पण त्या यंत्राचं टेबल वीतभर होतं, तीस वर्षांपूर्वी. इथे वीसची जाडी आणि दहाचा पिचच हवा. एकही आकडा चुकला नाही. इतके लख्ख बाबा तिला कित्येक महिन्यांत भेटले नव्हते, आणि आता ते किती दिवस भेटतील, या विचाराने तिला रडू कोसळलं.

रागावलो म्हणून पोर रडली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, एकदा मला विचारायचं होतंस. मी काय मेलो होतो?"

"चुकलं, बाबा," भार्गवी म्हणाली. "पुढच्या वेळी विचारेन."