बादली पेलणारं हाड

एका दाताच्या जोरावर ट्रम्पेटवाल्या मामांना काय मिळणार होतं? वाद्यवृंदातली पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य वादकाची जागा. निवड दहा दिवसांवर आली होती. पडलेल्या पुढच्या दाताच्या जागी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तो बसवणारी दंतवैद्य भाची बजावून गेली होती, "तीन महिने त्यावर जोर नाही. फुंकायचं नाही म्हणजे नाही."

तीन महिने! मामांची जीभ त्या तात्पुरत्या दातावर येरझाऱ्या घालायची आणि पाय खोलीभर. शेवटी पायांनी त्यांना चूर्णाने हाड धरवून देणाऱ्या हाडबाबांकडे नेलं, आणि मामा चूर्णाची पुडी घेऊन परतले.

आठव्या दिवशी हाडबाबांचं सभागृह खचाखच भरलं होतं. टेबलावर शिकंज्यात जबड्याचं हाड, हाडात स्क्रू, स्क्रूला पाण्याने भरलेली बादली.

"हाड म्हणजे माती, स्क्रू म्हणजे बी, हे चूर्ण म्हणजे खत!" हाडबाबा राखाडी चिमूट उधळत होते. "डॉक्टर तीन महिने लावतात. आम्ही सात दिवस!"

बी पेरल्यावर बादली कशी उगवली, हे कुणीच विचारलं नाही.

मामा उठले. "मी सात दिवस चोळलं. काल तासभर वाजवलं. दात जागचा हलला नाही!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मागून भाची पुढे आली.

"बाबा, हाड कुठलं?"

"खाटकाकडचं. एकदम ताजं!"

"म्हणजे मेलेलंच. ते वाढलं कसं?"

"चूर्णाची करणी, ताई."

भाचीने पर्समधून एक स्क्रू काढला, त्याच हाडात पिळला आणि बादली त्याला अडकवली. बादली हलली नाही.

"हा आमच्या बाथरूमच्या बिजागरीचा. याला चूर्ण नाही लावलं. सकाळपासून दार तेवढं लटकतंय."

सभागृह हसलं. हाडबाबा तेवढे हसले नाहीत.

"ही नुसती आट्यांची पकड," ती म्हणाली. "लाकडातही असते. जिवंत हाडात ती आधी ढिली पडते, मग नवं हाड येऊन स्क्रूला धरतं. त्याला धरायला सोपं जावं म्हणून आम्ही स्क्रू मुद्दाम खरखरीत करून घेतो. पण धरायचं हाडानेच, त्याच्या वेळेने. मध्येच हिसके बसले तर ते धरतच नाही."

"अगं, पण माझा कुठे हलला?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"आ करा, मामा."

तिने बोट लावलं. दात हलला. मामांच्या जिभेला ते आधी कळलं, मग त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगावं: हेच आता चूर्णाशिवाय करून दाखवा. पैसे पडत नाहीत, बुद्धी तेवढी लागते.

हाडबाबांनी मुक्काम हलवला. त्यांचं गेलं काय? एक बादली, तीही सभागृहाची. मामांचा गेला स्क्रू, त्याच्याभोवतीचं हाड, पहिली खुर्ची. आणि हाड भरून नवा स्क्रू धरेपर्यंत तीन महिन्यांचे झाले नऊ.