तीन लाइनी, एक नळी

त्या दुष्काळी साली उस्मानपुऱ्यातल्या सोसायटीनं बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या कडुबा तळहातावर नारळ आडवा धरून फिरला आणि फाटकापाशी नारळ उभा राहिला. खाली पाणी आहे का, एवढंच सगळ्यांनी विचारलं. सोसायटीचे सचिव लक्ष्मणराव, त्यांनीही.

बोअरची गाडी आली ती नेमकी त्यांच्या लेकीच्या, मृण्मयीच्या परीक्षेच्या सकाळी. शेंद्र्याच्या एका कारखान्याचे बोराळकर साहेब तिचं काम बघायला घरी आले होते. पसंत पडलं तर कारखाना तिला ठेवणार, नाहीतर ती नोकरीला पुण्याला जाणार. ती गेली की आपण घरात एकटेच, हे लक्ष्मणराव कुणाला बोलले नव्हते.

पडद्यावर तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅममधून एक अवजड फाइल उतरत होती, किती उतरली ते दाखवणारी पट्टी पुढं सरकत होती. फाइलचे तुकडे मृण्मयीच्या दोन सोबत्यांच्या, म्हणजे खुलताबादच्या शिवराजच्या आणि फर्दापूरच्या सावनीच्या कॉम्प्युटरवरून थेट येत होते. तेही तीन कंपन्यांच्या इंटरनेटच्या तीन लाइनींवरून, एकदमच.

"म्हणून वेग वाढतो. आणि एक वाट तुटली तरी काम थांबत नाही," म्हणत मृण्मयीनं एक वायर उपसली. पट्टी जरा मंदावली, पण सरकत राहिली.

"म्हणजे बंद पडतच नाही म्हणा," साहेब हसले.

"तिन्ही एकदम तुटल्या तरच, सर. तसं होत नसतं." तिनं वायर परत खोचली.

बाहेर गाडी घरघरली. फरशी हादरली आणि पट्टी जागीच थांबली. तिन्ही लाइनींचे दिवे लाल झाले.

लक्ष्मणराव तसेच फाटकाकडं धावले. कडुबाच्या हातात फाटकी प्लास्टिकची नळी होती, तिच्यातून तीन रंगांच्या तारा लोंबत होत्या.

"काका, पाणी नाय लागलं अजून. हे निघालं."

मागोमाग मृण्मयी आणि साहेबही आले. मृण्मयी पांढरीफटक पडली होती.

"तीन कंपन्या, तीन बिलं, बाबा. आणि नळी एकच. मी कधी विचारलंच नाही."

"सगळ्यांनी इथूनच ओढल्यात की," कडुबा म्हणाला. "दुसऱ्यांदा कोण खांदतंय?"

पोरगी आता पुण्याला गेलीच, असं लक्ष्मणरावांना वाटलं. साहेब मात्र त्या तारांकडं बघतच राहिले होते. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी मोबाइल काढला.

"अरे, आपल्या कारखान्याला दोन लाइनी आहेत ना? त्या जमिनीतून कुठून येतात?... बिलं नको बघू. खणून बघ."

मग ते मृण्मयीकडं वळले. "सोमवारी या. आधी जमीन बघू, मग फाइल."

तेव्हा कुठं लक्ष्मणरावांना कळलं, की आपण अनवाणी आहोत आणि पाय भाजताहेत.