रिजेक्ट शून्य

“वहिनी, हात लावू नका! नुसता आकडा बघा, आकडा! चौसष्ट!”

भाऊजींनी असं म्हणायला आणि कॉम्प्युटरचा पडदा गोठायला एकच गाठ पडली. चौसष्ट होतं तिथंच राहिलं, खालचं घड्याळ थांबलं आणि पेटीतले पंखे उगाचच जोरात घुमायला लागले.

“झालं! लावलीत दृष्ट,” ते म्हणाले.

“माझ्या दृष्टीत एवढं बळ असतं ना, तर आमच्या कारखान्याचा मॅनेजर आज खुर्चीत दिसला नसता.”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “भांडू नका रे. बंद करा ते धूड. खोलीची नुसती भट्टी झालीय.”

धूड म्हणजे भाऊजींचं मशीन. माझे हे धाकटे दीर मोबाइल विकतात आणि दर सहा महिन्यांनी त्यांना नवं खूळ लागतं. या खेपेला महागडं ग्राफिक्स कार्ड. लोक त्यावर गेम खेळतात, यांना त्यातून नाणी काढायची होती. हातात धरायची नाणी नव्हेत, कॉम्प्युटरमधली. कार्ड दिवसभर अवघड गणितं सोडवतं, उत्तरं इंटरनेटवरून एका गटाला पाठवतं आणि गटानं मान्य केलेल्या उत्तरांमागे नाण्याचा कण कण जमा होतो. मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण जाऊबाईंनी “या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ही शेगडी” असं बजावल्यावर शेगडी आमच्या मागच्या खोलीत आली आणि केर काढताना रोज माझ्या पायात यायला लागली.

भाऊजींनी मशीन पुन्हा चालू केलं. चौसष्ट परत आलं. मी मात्र त्या मोठ्या आकड्याखालची बारीक ओळ वाचत होते. इंग्रजीतले दोनच शब्द होते, पण ते मला झोपेतसुद्धा वाचता आले असते. अ‍ॅक्सेप्ट आणि रिजेक्ट. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलाशी मी एकोणीस वर्षं काढली. डाव्या हाताला अ‍ॅक्सेप्टचा क्रेट, उजव्या हाताला रिजेक्टचा.

“भाऊजी, शंभरात बारा रिजेक्ट आहेत की!”

“असतात थोडे. वेग बघा ना.”

“वेगाला काय चाटायचंय? बारा नग भंगारात जातायत. तुमचं चौसष्ट हे चौसष्ट नाहीच. छप्पन्न आहे ते.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि विषय बदलला. ते त्यांना छान जमतं. “जाऊ दे वहिनी, मी हे विकतोच आहे. एक दुकानदार मागे लागलाय. रोज दोनदा बंद पडतं, कोण निस्तरणार?”

“मी निस्तरते,” मी म्हणाले.

माझं मलाच नवल वाटलं. भाऊजी हसले, पण तसे ते मनानं वाईट नाहीत. खुर्चीवरून उठले आणि मला बसायला दिली.

“ठीक. आठवडा घ्या. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला चालू करायचं, रविवारी दहाला मी येतो. चोवीस तास न थांबता चाललं तर कार्ड तुमच्याकडे, तुम्हीच चालवा. मधे थांबलं तर दुकानदाराला देऊन टाकतो. मग रडायचं नाही.”

“रडतंय कोण?”

खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी रडले होते. कारखान्यात तपासणीचं यंत्र आलं आणि टेबलावरच्या आम्हा अकरा जणींना एका दुपारी घरी पाठवलं. यंत्र चांगलं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यानंतर मी केलेलं एकही काम कुणी तपासलं नाही की मोजलं नाही. पोळी करपली तरी हे गुपचूप खातात. माणसानं किती दिवस असं जगायचं? मला ते कार्ड हवं होतं. नाण्यांसाठी नाही. चूक केली तर तोंडावर चूक म्हणणारं काहीतरी मला हवं होतं.

सोमवारी हे बस घेऊन ड्यूटीवर गेले आणि मी वही उघडली.

तीन गोष्टी हलवता येतात. कार्डाच्या मेंदूचा वेग, त्याच्या मेमरीचा वेग आणि त्याला किती वीज प्यायला द्यायची ते. भाऊजींनी तिन्ही एकदम ताणल्या होत्या, वर पंख्यांना “तुमचं तुम्ही बघा” म्हणून सोडून दिलं होतं. टेबलावर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं, एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवलेस तर कशानं सुधारलं ते कळत नाही आणि कशानं बिघडलं तेही कळत नाही. मी सगळं पुसून कंपनीतून आलं तसं केलं आणि शून्यापासून सुरुवात केली.

मेंदूचा वेग कंपनीचाच राहू दिला. आधी मेमरी. पन्नासनं वाढवायची, तासभर चालू द्यायची, लिहायचं. मंगळवारी दुपारपर्यंत साडेआठशे झाले, रिजेक्ट शून्य. नऊशेला एक रिजेक्ट आलं. योगायोग असेल म्हणून पुन्हा तास घेतला, तर तीन आले. पडद्यावरचा आकडा मात्र मजेत वर चढत होता. अस्सा राग आला! माल बिघडतोय आणि हा आपला मिशीला तूप लावून बसलाय. आठशेवर परत आणलं.

“आज कशी आहे तब्येत?” बसवरून आले की हे विचारायचे.

“तुमची?”

“माझी कोण विचारतंय या घरात? कार्डाची.”

“ताप उतरतोय. एकसष्ट डिग्रीवर आहे.”

बुधवारपासून वीज कमी करायला घेतली. भाऊजी त्याला दोनशे वीस वॉट पाजत होते. दहा-दहा उतरवत गेले. दोनशे, एकशे नव्वद, एकशे ऐंशी, वेगात काडीचाही फरक नाही! म्हणजे तेवढी वीज नुसती खोली तापवायला जात होती. गुरुवारी संध्याकाळी एकशे तीसला येऊन थांबले. एकशे वीस केलं की मशीन मान टाकायचं. शुक्रवार पंख्यांनी खाल्ला. सत्तर टक्क्यांच्या पुढे एका पंख्यातून बारीक शीळ यायची. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हती, मला यायची. बासष्टवर ठेवले. शीळही गेली आणि ताप वाढला नाही.

शेवटी साठ मिळाले. भाऊजींच्या चौसष्टपेक्षा दिसायला कमी, पण साठच्या साठ अ‍ॅक्सेप्ट.

शनिवारी दहाच्या ठोक्याला मशीन चालू केलं, वहीत वेळ लिहिली आणि चक्क स्वयंपाकाला लागले. दर तासाला फक्त एक फेरी. सासूबाई तेवढ्यात चार वेळा डोकावून आल्या. त्यांना रिजेक्ट म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण शून्य वाचता येत होतं. “अजून शून्यच हो!” असं मला येऊन सांगत. रात्री मी मुद्दाम झोपले. आपण टक लावून बसलो म्हणून माल जास्त टिकत नाही.

रविवारी सकाळी सातला एकवीस तास झाले होते. रिजेक्ट शून्य. मी आंघोळीला गेले. केसांवर पाणी घेतलं असेल नसेल, इतक्यात मागच्या खोलीतला आवाज बंद पडला. आठवडाभर कानात बसलेला आवाज, तो थांबला की भिंतीपलीकडूनही कळतं. मी तशीच ओली धावले.

सासूबाई पेटीपाशी उभ्या होत्या. पेटीवर रजईची जाड ओली खोळ पसरलेली होती.

“अगं, बाहेर आभाळ आलंय,” त्या म्हणाल्या. “इथे एवढी गरम हवा फुकट जातेय, म्हटलं खुर्चीवर टाकते, तासात वाळेल. तुझीच खोळ होती. मी वळले तर ती घसरून त्याच्यावर पडली. दोनच मिनिटं पडलेली राहिली असेल गं! ते एकदम गप्पच झालं.”

मी खोळ ओढून काढली. पेटी हाताला चटका देत होती. हवा कोंडली, ताप चढला आणि कार्डानं स्वतःला बंद करून घेतलं. ते त्याचं बरोबरच होतं. घड्याळात सात चाळीस झाले होते.

तोंड उघडलं असतं तर त्या बाईला जन्मात विसरता येणार नाही असं काहीतरी निघालं असतं. पेटी उघडून वारा घातला, पाणी कुठे शिरलं नाही ना ते बघितलं, कोरडं केलं, वीस मिनिटं थांबले आणि आठला पुन्हा चालू केलं. साठ. रिजेक्ट शून्य. जसंच्या तसं.

“बघ, चाललं की!” सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या. “तो आला की मी सांगते, माझी चूक आहे म्हणून.”

तोवर हे उठून आले होते. सगळं ऐकून म्हणाले, “सांगायचंय कशाला? चालू आहे ना आता? तो येणार, आकडा बघणार आणि चहा पिऊन जाणार. तू ‘चाललं’ एवढंच म्हण.”

“आणि वही?”

“वही कोण बघतंय?”

कोण बघतंय! मला ते बोलणं फार लागलं, आणि त्यांना बिचाऱ्यांना काय लागलं ते कळलंसुद्धा नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता. मला दोन वर्षांत पहिल्यांदा आठवडाभर गुणगुणताना ऐकलं होतं त्यांनी. आणि मोह मला झाला नाही असं नाही. चांगला तासभर झाला. पोहोचलेच होते मी. कार्डात खोट नव्हती, माझ्या आकड्यांत खोट नव्हती, एका खोळीनं घात केला होता. चोवीस म्हटलं असतं तर ते अगदीच खोटं ठरलं असतं का?

ठरलं असतं. नग थांबला तो थांबला. टेबलावर कशामुळे थांबला याची चर्चा नंतर व्हायची, शिक्का आधी बसायचा. मी पेन घेतलं आणि लिहिलं, “सकाळी ७.४०, एकवीस तास चाळीस मिनिटांनी बंद. कारण: वरून कापड पडले.” कुणी टाकलं ते लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

दहाला भाऊजी आले. येतानाच पडद्याकडे बघत आले.

“वा, वहिनी! पळतंय की! मग? चोवीस?”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“नाही,” मी म्हणाले. “एकवीस तास चाळीस मिनिटांनी थांबलं होतं. आठला पुन्हा लावलंय.” आणि वही त्यांच्या हातात दिली.

ते उभ्यानंच वाचायला लागले. आधी वरवर, मग पानं मागे उलटून. सोमवार, मंगळवार, प्रत्येक तासाची ओळ. वाचता वाचता खाली बसले.

“एकशे तीस वॉटवर साठ?” ते म्हणाले. “आणि रिजेक्ट एकसुद्धा नाही?”

“एकसुद्धा नाही.”

“वहिनी, मी दुकानदाराला सकाळीच फोन करून बसलो हो. तुमच्याकडून चालणार नाही असंच धरलं होतं मी. साडेदहाला तो दुकान उघडून थांबणार आहे. शब्द दिलाय.”

“मग द्या ना. ठरलं होतं तसं झालं.”

सासूबाई मधे पडल्या, “अरे, माझ्यामुळे झालं ते, माझी खोळ...”

“आई, राहू द्या,” मी म्हणाले. “तुम्ही नसता तर मांजर पडलं असतं. त्या बाजूला जाळी लावायला हवी होती, ते मला सुचलं नाही.”

भाऊजींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि थेट पेटीत हात घालायला निघाले. “अहो, थांबा!” मी ओरडलेच. “तापलेलं ओरबाडून काढतात का? सरका तिकडे.” मी आधी गणितं बंद केली, पंखे तसेच चालू ठेवले, कार्ड गार होऊ दिलं. मग वीज काढली. ब्रशनं पात्यांमधली धूळ झाडली. ज्या पंख्यातून शीळ यायची त्याच्या पात्याशी अडकलेला केस चिमट्यानं काढला. कार्ड कडेनं धरून खोक्यात ठेवलं. वहीतून एक कोरा कागद फाडला, त्यावर तीन आकडे आणि पंख्यांची टक्केवारी लिहिली आणि घडी करून आत सरकवली.

“हे त्याला द्या. म्हणावं, यातलं काही हलवायचं असेल तर एका वेळी एकच.”

भाऊजींनी खोकं उचललं. दारापर्यंत गेले, तिथे थबकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, तुम्ही चोवीस म्हटलं असतंत ना, तर मी काही विचारलं नसतं. फोन करून त्याला नाही म्हणून सांगितलं असतं.”

“माहीत होतं मला,” मी म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात खोक्यात अडकले होते. दार मीच उघडून धरलं.

“जपून,” मी म्हणाले, “पुढे पायरी आहे.”